एका ओळीत चित्र मिळतं, मग फोनवर शेडिंग शिकायचं कशाला?

मार्च २०२५ चा शेवटचा आठवडा आठवतोय? चॅटजीपीटीमध्ये चित्र बनवण्याचं नवं फीचर आलं आणि दोन-चार दिवसांत माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे कितीतरी डीपी स्टुडिओ जिबलीच्या सिनेमासारखे दिसायला लागले. गर्दी इतकी झाली की ओपनएआयच्या सॅम ऑल्टमन यांनी 'आमचे जीपीयू वितळतायत' अशा अर्थाची पोस्ट टाकली आणि वापरावर तात्पुरती मर्यादा घातली. मग ऑगस्टमध्ये गुगलच्या जेमिनीचं 'नॅनो बनाना' आलं आणि सप्टेंबरमध्ये इन्स्टाग्रामवर जुन्या हिंदी सिनेमातल्यासारख्या साडीतल्या फोटोंची लाट आली.

मी हौस म्हणून फोनवर चित्रं रंगवतो. नोकरी वेगळी आहे, चित्रं संध्याकाळची. त्यामुळे अशी प्रत्येक लाट आली की कोणीतरी हमखास विचारतं, "दादा, मी आत्ताच आयबिस पेंट शिकायला घेतलंय. आता शिकण्यात काही अर्थ आहे का?"

प्रश्न रास्त आहे. पहिल्या पाच-सहा महिन्यांत आपली चित्रं वाईटच दिसतात. त्याच वेळी शेजारचा मित्र एक ओळ टाइप करून चकचकीत चित्र काढून दाखवत असेल, तर फोन बाजूला ठेवावासा वाटतोच. म्हणून या लेखात दोन गोष्टी बघू. एक, एआय आल्यापासून चित्रांच्या अ‍ॅप्समध्ये नेमकं काय घडलं. दोन, रंगकाम आणि शेडिंग आज शिकायचंच असेल तर कशावर वेळ घालवावा.

अ‍ॅप्सनी कोणती बाजू घेतली?

ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्युजन सर्वांसाठी खुलं झालं आणि खरा गोंधळ सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आर्टस्टेशन या साइटवर चित्रकारांनी आपापल्या पानांवर 'एआय चित्रं नकोत' अशा अर्थाची पाटी लावून निषेध केला.

त्याच सुमारास एक महत्त्वाची घटना घडली. क्लिप स्टुडिओ पेंट हे अ‍ॅप बनवणाऱ्या सेल्सिस या जपानी कंपनीने नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस जाहीर केलं की अ‍ॅपमध्ये चित्र तयार करून देणारं एआय येणार. वापरणारे भडकले आणि काही दिवसांतच कंपनीने तो बेत रद्द केला.

ऑगस्ट २०२४ मध्ये आयपॅडवरच्या प्रोक्रिएटने आणखी स्पष्ट भूमिका घेतली. आमच्या अ‍ॅपमध्ये जनरेटिव्ह एआय आणणार नाही, असं कंपनीचे प्रमुख जेम्स कुडा यांनी व्हिडिओत सांगितलं. अडोबीने उलट दिशा धरली. २०२३ पासून फायरफ्लाय हे त्यांचं एआय फोटोशॉपमध्ये घट्ट बसलेलं आहे.

आता यात फक्त तत्त्वाची गोष्ट बघू नका, धंद्याचं गणितही बघा. प्रोक्रिएट एकदा पैसे देऊन विकत घ्यायचं अ‍ॅप आहे आणि त्याचा गिऱ्हाईक म्हणजे ज्याला स्वतः चित्र काढायचंय तो. त्याला दुखावून कंपनीला काय मिळणार? अडोबी दरमहा पैसे घेते आणि तिचे बरेच ग्राहक जाहिरात कंपन्या, ऑफिसं असे आहेत. त्यांना काम लवकर उरकायचं असतं. म्हणजे दोघांनीही आपापल्या गिऱ्हाइकाचंच ऐकलं. आणि हौशी चित्रकारांनी आवाज उठवला की कंपनी मागे येते, हे क्लिप स्टुडिओच्या वेळी दिसलं. आपण फुकट वापरणारे असलो तरी आपली संख्या मोजली जाते.

'एआयला जमत नाही' हा मुद्दा सोडून द्या

दोन-तीन वर्षांपूर्वी आपण सगळे हसायचो. एआयच्या चित्रात हाताला सहा बोटं, अक्षरं विचित्र. 'म्हणून माणसानेच काढावं' असं सांगणारे पुष्कळ होते. आज तो मुद्दा बराचसा संपलाय. उजेड-सावलीसुद्धा एआय पटेल इतकी चांगली देतं. जे मशीनला जमत नाही तेवढंच शिकायचं म्हटलं, तर प्रत्येक अपडेटला आपला अभ्यासक्रम बदलावा लागेल.

माझं कारण साधं आहे. हौशी माणसाला शेडिंग शिकून चित्र मिळतं, ते आहेच, पण त्याहून टिकाऊ मिळते ती नजर. एकदा शिकलं की संध्याकाळी रिक्षात बसल्या बसल्या दिसायला लागतं की समोरच्या इमारतीची सावली काळी नसून निळसर आहे. ही नजर आपण स्वतः हजार वेळा 'इथे गडद करू की फिकट?' असं ठरवल्यावर तयार होते. एका ओळीत चित्र मागवलं की ती ठरवाठरवी दुसऱ्याने केलेली असते.

पैशाचं मात्र खरं बोलायला हवं. लग्नपत्रिकेवरची व्यंगचित्रं, मंडळाचे बॅनर, कुणाच्या वाढदिवसाचं पोर्ट्रेट असल्या छोट्या कामांवर कॉलेजची मुलं पॉकेटमनी काढायची. आज आमच्याकडच्या फ्लेक्सवर एआयची चित्रं सर्रास दिसतात. 'महिनाभरात शिकून कमवा' अशी रील कोणी दाखवत असेल तर त्या भरवशावर राहू नका. हौस म्हणून शिका. पुढे काम मिळालं तर आनंदच आहे.

शेडिंग शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल. तिथे वस्तुचित्राला समोर मांडलेली भांडी, फळं बघून काढायची असायची. त्या परीक्षेतलं ज्ञान फोनवर जसंच्या तसं चालतं. फक्त हत्यारं बदललीत. ती एकेक करून बघू.

लेयर. ही कल्पना संगणकाने शोधलेली नाही. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरी लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं तिथे दगडावरच्या छपाईने व्हायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे. बरोबर शंभर वर्षांनी, १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, तेव्हा तीच विभागणी पडद्यावर आली. फोनवर सर्वात वर रेषांचा लेयर, त्याखाली त्वचा, केस, कपडे यांचे सपाट रंग वेगवेगळ्या लेयरवर, असं ठेवा. फोनची मेमरी कमी असेल तर लेयरची संख्या मर्यादित मिळते. म्हणून कॅनव्हास उगाच प्रचंड घेऊ नका.

क्लिपिंग. सपाट रंगाच्या वर नवा लेयर घेऊन 'क्लिपिंग' चालू केलं की सावली खालच्या आकाराबाहेर जात नाही. बोटाने रंगवणाऱ्याला याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. लहानपणी रंगवायच्या पुस्तकात रेषेबाहेर रंग गेला की बाई ओरडायच्या. इथे तो बाहेर जाऊच शकत नाही.

मल्टिप्लाय. सावलीसाठी सगळे हाच ब्लेंड मोड सांगतात, पण तो काय करतो हे फार कमी जण सांगतात. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. मल्टिप्लाय वरच्या आणि खालच्या रंगाचे आकडे एकमेकांनी गुणतो आणि २५५ ने भागतो. उदाहरण घ्या. त्वचेचा रंग २२४, १७२, १२५ आहे. त्यावर जांभळट रंग १८०, १७०, २१० मल्टिप्लाय केला. उत्तर साधारण १५८, ११५, १०३. म्हणजे रंग गडद झाला, शिवाय लाल जास्त कमी झाला आणि निळा त्यामानाने कमी घटला. सावली थंड झाली. त्याऐवजी साधा करडा १८०, १८०, १८० घेतला असता तर १५८, १२१, ८८ आलं असतं. गडद झालं असतं, पण रंगाचा स्वभाव तोच राहिला असता आणि त्वचा मळकट दिसली असती.

हे गणित एकदा डोक्यात बसलं की 'सावलीला कोणता रंग घ्यायचा' याचं पाठांतर लागत नाही. पांढरा मल्टिप्लाय केला तर काहीच बदलत नाही, काळा केला तर सगळं काळं होतं. मधलं सगळं आपल्या हातात.

सावली निळसर का? दुपारी उन्हात उभ्या माणसावर दोन उजेड पडतात. एक सूर्याचा, थोडा पिवळट. दुसरा निळ्या आकाशाचा, सगळीकडून येणारा. जिथे सूर्य पोहोचत नाही तिथे आकाशाचा उजेड उरतो, म्हणून सावलीत निळी झाक येते. पण घरात एकच पिवळा बल्ब असेल तर हा नियम लागू होत नाही. तिथे पिवळी भिंत, लाल चादर जो उजेड परत फेकेल त्याचा रंग सावलीत येईल. म्हणून चित्र सुरू करताना आधी विचारा, उजेड कुठून येतोय आणि कसला आहे? कॅनव्हासच्या कोपऱ्यात एक बाण काढून ठेवा. चित्र संपल्यावर तो लेयर पुसून टाका.

छाया आणि पडलेली सावली वेगळी. चेंडूची उजेडाविरुद्धची बाजू गडद होते, ती चेंडूवरची छाया. तिची कड मऊ असते, कारण चेंडू हळूहळू वळतो. चेंडूमुळे जमिनीवर पडते ती सावली. चेंडूजवळ तिची कड धारदार असते आणि लांब जाईल तशी ती मऊ होते. नवशिक्यांच्या चित्रात सगळ्या कडा सारख्याच मऊ दिसतात, कारण एअरब्रश हाताशी असतो आणि तो सगळीकडे फिरवला जातो. चित्र मग प्लास्टिकचं दिसतं. कुठली कड कापलेली आणि कुठली मऊ, एवढं ठरवलं तरी चित्र एकदम सुधारतं.

बोट की पेन? स्वस्तातलं रबरी टोकाचं स्टायलस दाब ओळखत नाही. फोनच्या दृष्टीने ते बोटच. दाब ओळखायला सॅमसंगच्या एस पेनसारखं पेन आणि त्याला साथ देणारा पडदा दोन्ही लागतं. ते नसेल तर सेल शेडिंगने सुरुवात करा. अ‍ॅनिमेत दिसतं तसं एक उजेडाचा रंग, एक सावलीचा, मधली कड धारदार. यात दाबाची गरज नाही. लॅसोने आकार निवडायचा आणि भरायचा. शिवाय लपायला जागा नसल्यामुळे सावलीचा आकार चुकला तर लगेच कळतं. शिकण्यासाठी हे फार चांगलं.

काळं-पांढरं करून बघा. सर्वात वर एक लेयर घ्या, तो काळ्याने भरा आणि ब्लेंड मोड 'कलर' करा. चित्र करडं दिसेल. त्यातही चेहरा पार्श्वभूमीपासून सुटून दिसतोय का? दिसत नसेल तर दोष रंगात शोधू नका, उजेड-अंधाराच्या प्रमाणात शोधा. हे बघून तो लेयर बंद करायचा.

फोनचा पडदाही तपासा. रात्रीचा पिवळट मोड चालू ठेवून रंगवलं तर सकाळी चित्र निळं दिसतं. 'व्हिव्हिड' डिस्प्ले मोड रंग भडक दाखवतो, म्हणून रंगकामापुरता 'नॅचरल' निवडा.

मदत किती घ्यायची?

इथे काळं-पांढरं सांगणं अवघड आहे. हात थरथरू नये म्हणून रेषा सरळ करणारं स्टॅबिलायझर आपण वापरतोच. बादलीने रंग भरतो. क्लिप स्टुडिओच्या दुसऱ्या आवृत्तीत २०२३ मध्ये 'शेडिंग असिस्ट' आलं. तुमच्या रेषा आणि सपाट रंग बघून ते सावली टाकून देतं. हे एका ओळीतून चित्र काढणाऱ्या एआयसारखं नाही. चित्र तुमचंच असतं, सावली त्याची.

मी स्वतः एक कसोटी लावतो. एखादं टूल माझे कष्ट वाचवतंय की माझा निर्णय घेतंय? बादली कष्ट वाचवते, कारण कुठला रंग भरायचा ते मी आधीच ठरवलेलं असतं. शेडिंग असिस्ट मात्र सावली कुठे पडेल हेच ठरवतं आणि मला नेमकं तेच शिकायचंय. म्हणून शिकत असताना मी ते बंद ठेवतो. ज्याला सावली येते आणि कॉमिकची चाळीस पानं रंगवायची आहेत, त्याने ते खुशाल वापरावं. एकच टूल एकाला मदत करतं आणि दुसऱ्याचा अभ्यास बुडवतं.

"हे एआयनं केलंय ना?"

आज शिकणाऱ्यासमोर एक नवीनच त्रास आहे. आपण घासून घासून चित्र चांगलं केलं की कुणीतरी कॉमेंट टाकतं, 'एआय!' डिसेंबर २०२२ मध्ये रेडिटच्या चित्रकलेच्या मोठ्या ग्रुपवर एका चित्रकाराला याच संशयावरून बंदी घातली गेली होती. त्याने लेयर असलेली मूळ फाइल दाखवायची तयारी दाखवली, तरी मॉडरेटर ऐकेनात. त्यावरून बराच गदारोळ झाला.

म्हणून पुरावा ठेवायची सवय आत्तापासून लावा. आयबिस पेंट, प्रोक्रिएट यांसारखी अ‍ॅप्स चित्र काढतानाचा टाइमलॅप्स व्हिडिओ स्वतःच साठवतात. तो जपून ठेवा. तयार जेपीजीबरोबर लेयरसकट पीएसडी फाइलही एक्स्पोर्ट करून ड्राइव्हवर टाका. अ‍ॅप उद्या बंद पडलं किंवा फोन बदलला तरी काम उघडता येतं, हा वरचा फायदा. तसंही टाइमलॅप्स टाकला की लोकांना तो चित्रापेक्षा जास्त आवडतो, हा माझा अनुभव आहे.

अपलोड करण्याआधी

मेटाने स्वतःच मान्य केलंय की फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्ट त्यांच्या एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या गेल्या आहेत. म्हणजे अकाउंट पब्लिक असेल तर आपलं चित्रही त्यात जाऊ शकतं. यावर उतारा म्हणून शिकागो विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये ग्लेझ आणि २०२४ मध्ये नाइटशेड ही टूल्स आणली. माणसाच्या डोळ्याला जेमतेम जाणवतील असे बदल चित्रात करून एआयची फसगत करायची, अशी ती कल्पना. आयबिस पेंटमध्येही एक्स्पोर्ट करताना एआयला अडथळा आणणारा पर्याय आहे. पण ही कुलपं पक्की नाहीत. ती उघडून दाखवणारं संशोधनही आलंय. मोठ्या आकाराचं मूळ चित्र स्वतःकडे ठेवून छोटी प्रत टाकणं, एवढं तरी सहज करता येतं.

कायद्याचं काय? अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं की केवळ प्रॉम्प्ट लिहून मिळालेल्या चित्रावर कॉपीराइट मिळत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. पण ती आजचं एआय येण्याच्या कितीतरी आधीची. आपल्या कामावर एआय शिकवावं का आणि त्याचे पैसे कुणी द्यावेत, यावर सरकारी पातळीवर आणि कोर्टात वाद चालू आहे. तुम्ही स्वतः रेषा मारून, रंग भरून केलेल्या चित्राबाबत मात्र हा गोंधळ नाही. ते सरळ तुमचं आहे.

मग सुरुवात कशी करायची?

पैसे खर्च न करता एक महिना द्या. अँड्रॉइडवर आयबिस पेंटची जाहिरातींची फुकट आवृत्ती पुरते. टॅबलेट किंवा लॅपटॉप असेल तर क्रिता पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे.

पहिला आठवडा: घरातली एकच वस्तू घ्या. तांब्या, अंडं किंवा लिंबू. खिडकीजवळ ठेवा आणि फक्त करड्या रंगाच्या तीन छटांत काढा.

दुसरा आठवडा: तीच वस्तू रंगात. सपाट रंग, क्लिपिंग, मल्टिप्लाय. सकाळी एकदा, रात्री दिव्याखाली एकदा. दोन्ही चित्रांत सावलीचा रंग बदललेला दिसला पाहिजे.

तिसरा आठवडा: चेहरा, सेल शेडिंगमध्ये. एअरब्रशला हात लावायचा नाही.

चौथा आठवडा: तुम्हाला आवडेल ते. टाइमलॅप्स साठवा आणि पहिल्या आठवड्याच्या चित्राशेजारी ठेवून बघा.

या महिन्यात एआयचं आणखी एखादं नवं फीचर येईल आणि पुन्हा सगळ्यांचे डीपी बदलतील. तुम्हीही बदला, मजा आहे त्यात. फक्त तो फोटो जरा झूम करून बघा. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडलीय, नाकाखालची कड धारदार आहे की मऊ? महिन्याभरापूर्वी हे प्रश्न तुम्हाला पडले नसते. ते पडायला लागले की शिकणं सुरू झालं समजा. लिंबाचं पहिलं चित्र झालं की कॉमेंटमध्ये टाका, सावली बघून सांगतो.